समुद्री किड्याचं आमिष कसं काम करतं? वास, मीठ आणि फोनमधलं भरती-ओहोटीचं अ‍ॅप



फिशिंगच्या रील्स बघत असाल तर हे दृश्य नक्की ओळखीचं असेल. इंग्लंडच्या थंडगार किनाऱ्यावर कुणीतरी गमबूट घालून ओली वाळू खणतंय. वाळूतून बोटभर लांबीचा चॉकलेटी किडा निघतो, तो गळाला लागतो, शिसं लावलेली दोरी लांब फेकली जाते आणि थोड्या वेळाने समुद्राच्या तळावरचा एक चपटा मासा बाहेर येतो. हे बघून माझे गावाकडचे मित्र एकच प्रश्न विचारतात: "आपलं गांडूळ चालणार नाही का रे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर असं, की गांडूळ चालतं, पण फारच थोडा वेळ. ते असं का होतं हे कळलं की या मासेमारीतल्या बाकीच्या गोष्टीही आपोआप कळतात: किडा कशात ठेवायचा, नळाचं पाणी का लावायचं नाही, गळ किती वेळाने वर काढायचा. या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मीठ.

मी नोकरीसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकतो. त्यामुळे उदाहरणं बहुतेक इथलीच देतो. शेवटी कोकणाबद्दलही बोलू.

आधी किड्यांची ओळख

हे किडे गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. शरीर कड्याकड्यांचं, म्हणून यांना वलयी प्राणी म्हणतात. आमिष म्हणून प्रामुख्याने तीन प्रकार वापरतात.

- लगवर्म: वाळूत इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचं बीळ करून राहतो. एका टोकाला छोटा खळगा दिसतो, तिकडे तोंड. दुसऱ्या टोकाला वाळूची शेवयांसारखी गुंडाळी दिसते, ती त्याची विष्ठा. खणायचं या दोन खुणांच्या मध्ये. अंग मऊ, आतमध्ये रस भरपूर.
- रॅगवर्म: दोन्ही बाजूंना झालरीसारखे पाय. मोठा असेल तर फूटभरापेक्षाही लांब. याला जबडा असतो आणि तो चावतो. जीव जात नाही, पण बोटाला चांगलंच कळतं.
- ब्लडवर्म: अमेरिकेच्या मेन राज्यातला प्रसिद्ध किडा. आतला लाल रंग बाहेरून दिसतो. त्याच्या चार जबड्यांमध्ये चक्क तांबं असतं आणि दंशात विषही असतं.

"किडेच तर आहेत" असं म्हणू नका. २०१७ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा जागतिक हिशोब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे १ लाख २१ हजार टन समुद्री किडे आमिषासाठी काढले जातात आणि त्यांची किंमत ५.९ अब्ज पौंडांच्या घरात जाते. किलोमागे किरकोळ किंमत बघितली, तर समुद्रातून काढून विकल्या जाणाऱ्या सगळ्यात महागड्या पाच जाती आमिषाच्या किड्यांच्याच निघाल्या. म्हणजे किलोच्या भावात हा किडा बहुतेक वेळा तुमच्या गळाला लागणाऱ्या माशापेक्षा महाग असतो! तो वाया न घालवण्याचं हे पहिलं कारण.

तळावर मासा बघत नाही, वास घेतो

तळाच्या मासेमारीत आमिष समुद्राच्या तळाशी टेकलेलं असतं. वर शिसं असतं, इथे साधारण ४ ते ६ औंस, म्हणजे ११५ ते १७० ग्रॅम. खाली गढूळ पाणी, अंधार, उडणारी वाळू. अशा ठिकाणी डोळ्यांचा उपयोग कमी. मासा नाकपुड्यांमधून पाणी आत घेतो आणि त्यात विरघळलेली रसायनं ओळखतो.

ही रसायनं म्हणजे मुख्यतः अमिनो आम्लं, उदाहरणार्थ ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन, आणि त्यांच्यासोबत बीटेन नावाचा पदार्थ. यांचं पाण्यातलं प्रमाण अगदी नगण्य असलं तरी माशाला ते कळतं. प्रवाह हा वास ओढून नेतो आणि गळापासून प्रवाहाच्या दिशेने वासाचा लांबट पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात शिरलेला मासा प्रवाहाच्या उलट पोहत उगमापर्यंत येतो.

म्हणजे आमिष हा एक प्रकारचा राउटर समजा, फक्त याचं सिग्नल एकाच दिशेला जातं. पाणी अगदी स्थिर असेल तर सिग्नल लांब पोहोचतच नाही. म्हणून वाहत्या पाण्यात आमिषाचं काम जास्त चांगलं होतं.

मिठाचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शाळेतला ऑस्मोसिसचा धडा आठवा: पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. मग समुद्रातल्या किड्याच्या अंगातलं पाणी बाहेर का पळून जात नाही?

कारण त्याने आतला हिशोब बाहेरच्या हिशोबाशी जुळवून घेतलेला असतो. पण पेशीमध्ये नुसतं मीठ भरलं तर पेशीची यंत्रणाच बिघडेल. म्हणून तो पेशींमध्ये दुसरे विरघळणारे पदार्थ साठवतो. कोणते? तीच अमिनो आम्लं आणि तेच बीटेन!

म्हणजे किडा खाऱ्या पाण्यात ज्या साठ्यावर जगतो, त्याच साठ्याचा वास माशाला येतो.

गांडूळ जमिनीवरचं. त्याच्या अंगातलं पाणी समुद्राच्या मानाने अळणी. त्याला खाऱ्या पाण्यात टाकलं की अंगातलं पाणी बाहेर जातं, ते आक्रसतं आणि लवकर मरतं. शिवाय त्याच्या पेशींमध्ये हा साठाही तेवढा नसतो. म्हणून थोडा वेळ चालतं, मग नुसती कातडी उरते.

उलट बाजूने बघा. समुद्री किड्याला नळाखाली धुतलं तर गोडं पाणी पेशींमध्ये घुसतं, पेशी फुगतात आणि फुटतात. किडा तर मरतोच, पण गळाला लावण्याआधीच त्याचा वास सिंकमधून वाहून जातो. म्हणून नियम क्रमांक एक: किड्याला गोडं पाणी लावायचं नाही. बर्फसुद्धा थेट टाकू नका, कारण वितळलेला बर्फ म्हणजे गोडंच पाणी. आइसपॅक वापरायचा असेल तर बंद पिशवीत, आणि मध्ये वर्तमानपत्राचा थर.

मग 'जिवंत' कशासाठी?

बऱ्याच जणांना वाटतं, जिवंत किडा वळवळतो म्हणून मासा येतो. वळवळीचा उपयोग होतो, विशेषतः रॅगवर्मच्या बाबतीत आणि पाणी स्वच्छ असेल तेव्हा. पण मोठं कारण वेगळं आहे. जिवंत पेशी म्हणजे झाकण लावलेली टाकी. गळाने भोक पाडलं की त्या भोकातून रस हळूहळू गळत राहतो. मेलेल्या, पिचपिचीत झालेल्या किड्यात टाकी आधीच फुटलेली असते. पाण्यात पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत सगळं वाहून जातं आणि मऊ पडलेला किडा फेकतानाच गळावरून उडतो.

तेव्हा खणल्यापासून गळाला लावेपर्यंत टाकी शाबूत ठेवायची. ते असं:

- बादलीभर पाण्यात बुडवून ठेवू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. लगवर्म कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, भज्यांची पुडी बांधतात तसं. रॅगवर्म पसरट ट्रेमध्ये, तळ जेमतेम ओला होईल इतक्याच समुद्राच्या पाण्यात ठेवा.
- थंड ठेवा. थंडीत शरीराची सगळी कामं मंदावतात आणि ऑक्सिजनची गरज घटते. फ्रीज चालतो, फ्रीझर नाही. घरच्यांची परवानगी तेवढी आधी घ्या!
- तुटलेला किडा लगेच वेगळा काढा. एक सडला की बाकीचे त्याच्या पाठोपाठ जातात. रोज एकदा बघून कागद बदला.
- लगवर्म आणि रॅगवर्म एकत्र ठेवू नका. दोन वेगळ्या पुड्या करा.

लगवर्म ओहोटीत, ऑक्सिजन जवळपास नसलेल्या चिखलात तासन्तास जगतो, याचं एक भारी कारण आहे. आपल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू वाहतो. लगवर्मचं हिमोग्लोबिन प्रचंड मोठं असतं आणि ते १५६ पर्यंत वाहू शकतं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या हेमारिना या कंपनीने याच हिमोग्लोबिनपासून एक उत्पादन तयार केलंय. प्रत्यारोपणासाठी काढलेली किडनी पोहोचेपर्यंत तिला ऑक्सिजन मिळत राहावा, यासाठी ते वापरतात. गळाला लावायच्या किड्याची मजल पार ऑपरेशन थिएटरपर्यंत!

गळाला लावताना

बारीक तारेचा, लांब दांड्याचा गळ घ्या. लगवर्मला टोकापासून ओवत आणा आणि गळावरून दोरीवर सरकवा, नाडा ओवतात तसं. गळाचं टोक बाहेर दिसलंच पाहिजे, नाहीतर मासा आमिष खाईल आणि गळ लागणार नाही. अंग मऊ असल्याने बारीक इलॅस्टिकच्या धाग्याचे चार-पाच वेढे देतात. वेढे घट्ट नकोत, नाहीतर रस फेकण्याआधीच पिळून निघतो.

रॅगवर्म डोक्याच्या बाजूने ओवा आणि शेपटी मोकळी सोडा. डोक्याच्या थोडं मागे चिमटीत धरलं की जबडा बोटापर्यंत पोहोचत नाही.

फेकल्यावर साधारण १५ ते २० मिनिटांनी आमिष बदला. किडा गळावर अख्खा दिसत असला तरी बदला. पांढरट, धुतल्यासारखा दिसतोय म्हणजे रस गेला. राउटर चालू दिसतोय, पण नेट नाही.

आता फोन काढा

किडे मिळतात ओहोटीत, आणि भरती येते तेव्हा तिथेच मासे ते खायला येतात. त्यामुळे तुमचं सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या अ‍ॅपवर असतं. हे अ‍ॅप समुद्राकडे बघत नाही, गणित करतं. चंद्रामुळे येणारी लाट सुमारे १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे येणारी १२ तासांची. अशा अनेक लाटांची बेरीज म्हणजे तुमच्या स्क्रीनवरची रेघ. चंद्र-सूर्य एकत्र जोर लावतात तेव्हा उधाण, एकमेकांच्या विरुद्ध असतात तेव्हा भांग. हीच बेरीज लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात चाकं आणि पुल्यांच्या यंत्रावर करून दाखवली होती. म्हणूनच काही अ‍ॅप्स नेट नसतानाही पुढचे अंदाज देतात.

पण नुसती वेळ बघून निघू नका. या पाच गोष्टी तपासा:

१. ओहोटीची उंची. ०.५ मीटरची ओहोटी आणि १.८ मीटरची ओहोटी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं आणि एरवी बुडालेली वाळू उघडी पडते.

२. टाइम झोन. ब्रिटनचे छापील अधिकृत तक्ते ग्रीनिच वेळेत असतात. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात. काही अ‍ॅप्स हा तास स्वतः मिळवतात, काही नाही. अ‍ॅपने आधीच मिळवलेला तास तुम्ही पुन्हा मिळवला, तर ओहोटी अजून यायची आहे असं समजून तुम्ही चढत्या पाण्यात उभे राहाल.

३. बंदर कोणतं? अ‍ॅप बहुतेक वेळा जवळच्या मोठ्या बंदराचा अंदाज दाखवतं. खाडीच्या आतमध्ये वेळ आणि उंची दोन्ही बदलतात.

४. हवेचा दाब. गणितात हवामान नसतं. दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटीमीटर खाली दबते, आणि कमी झाला की तेवढीच वर येते. कमी दाब असेल आणि वारा किनाऱ्याकडे असेल, तर पाणी अ‍ॅपपेक्षा वर येणार हे धरून चाला.

५. अलार्म. ओहोटीच्या आधी दोन तास खणायला सुरुवात करा. ओहोटीच्या क्षणाचा अलार्म लावा. तो वाजला की फावडं खांद्यावर आणि परत.

शेवटचा मुद्दा का, ते बघा. भरती एका वेगाने चढत नाही. सर्वसाधारण हिशोब असा की सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग पाणी चढतं. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटीमीटर, पण तिसऱ्या एका तासात तब्बल १ मीटर. पहिला तास माणसाला फसवतो. आणि हा हिशोबही सगळीकडे लागू नाही. साउदम्प्टनला पाण्याची चाल वेगळीच आहे, तिथे एका भरतीत दोन शिखरं येतात. म्हणून पाठ केलेल्या सूत्रापेक्षा अ‍ॅपमधली त्या ठिकाणची रेघ बघा.

सपाट किनाऱ्यावर पाणी समोरूनच येतं असंही नाही. ते मागच्या खोलगट भागातून शिरून तुम्हाला बेटावर उभं करतं. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकॅम बे मध्ये शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी कामगार असेच भरतीत सापडून बुडाले. ते किडे खणत नव्हते, पण वाळू तशीच होती आणि पाणीही तसंच. एकटे जाऊ नका, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये ठेवा आणि चिखलात रेंज जाईल हे गृहीत धरा.

खणल्यावर आणि उरल्यावर

इंग्लंडमध्ये स्वतःच्या गळापुरते किडे खणण्याचा हक्क लोकांना आहे, विकण्यासाठी खणायला तो लागू होत नाही. काही संरक्षित किनाऱ्यांवर खणायला बंदीही असते, त्यामुळे पाटी वाचा. खड्डा लगेच बुजवा. उघडा खड्डा पुढच्या माणसाचा पाय मोडू शकतो, आणि उपसलेल्या ढिगाखाली छोटे शिंपले गुदमरतात. याच किड्यांवर लांब चोचीचे किनारपक्षी जगतात. तुम्हाला दोन तासांना वीस किडे पुरतात, तर वीसच काढा.

उरलेले विकत घेतलेले किडे आणि त्यांच्यासोबतचं शेवाळ समुद्रात फेकू नका. मेनचे ब्लडवर्म समुद्री शेवाळात बांधून देशभर पाठवले जायचे. त्या शेवाळातून बारीक गोगलगाई आणि खेकडे प्रवास करायचे. सॅन फ्रान्सिस्को बे मध्ये परक्या जाती पोहोचण्याच्या वाटांमध्ये ही आमिषाची पेटी संशोधकांनी नोंदवलेली आहे. शेवाळ कचऱ्याच्या डब्यात टाका.

आणि कोकणात?

इथले किडे ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका, कारण वर लिहिलंय तेच. आपल्या खाड्यांमध्येही वलयी किडे आहेत आणि मुडदुशीसारखे तळावर चरणारे मासे ते खातात. पण कांदळवनात खणू नका. महाराष्ट्रात कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्याकडे गरवायला जाणारे लोक कोळंबी लावतात, आणि त्यामागेही हेच शास्त्र आहे. ताज्या कोळंबीला जी गोडी असते ती बरीचशी ग्लायसिनमुळे, म्हणजे माशाला खेचणाऱ्या त्याच अमिनो आम्लामुळे. म्हणून नियमही तेच: गोड्या पाण्यात भिजवायची नाही, थंड ठेवायची, आणि धुतल्यासारखी दिसली की बदलायची.

अ‍ॅप नसेल तर कोकणातलं जुनं गणित आहेच: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती साधारण ६ वाजता आणि ओहोटी १२ च्या सुमारास. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेच या पाऊण तासात बसवलंय. पण हा अंदाज आहे, त्यावर खडकाच्या टोकाला जाऊन उभं राहायचं नाही. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे तक्ते आहेत, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. पावसाळ्यात तो इशारा बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

पुढच्या वेळी गळ टाकायला निघाल तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये ओहोटीची उंची बघा, अलार्म लावा, आणि आमिषाची पुडी उन्हात ठेवू नका. मासा लागेल की नाही याची गॅरंटी मी देत नाही, पण न लागल्यास दोष आमिषाचा नसेल एवढं नक्की.